सहकारी पशुखाद्य कारखाना : गुणवत्ता आणि सुरक्षितता (नाशिक जिल्हा)

शेतकऱ्यांनी स्वतः शेअर भरून स्वतःच्या जनावरांसाठी चालवलेला खाद्याचा कारखाना म्हणजे सहकारी पशुखाद्य कारखाना. तयार मालाला गावोगाव वेगळं नाव आहे, कुणी पेंड म्हणतं, कुणी खुराक, कुणी कांडी नायतर गोळी पेंड, कुणी नुसतं सुग्रास, पण पोत्यात साधारण तेच असतं: मका, सरकी पेंड, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), तूर-हरभऱ्याची चुनी (डाळ भरडताना निघणारा चुरा), भाताचा कोंडा, मळी, मीठ आणि मिनरल मिक्श्चर म्हणजे खनिजांची पावडर. देशात ह्या कामाचं जुनं उदाहरण म्हणजे गुजरातमधल्या खेडा जिल्हा दूध संघाचा (अमूलचा) कंजारीचा कारखाना, १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, ते त्या वेळी आणंद भागात मुक्कामाला राहिले आणि त्याच भेटीतून पुढं राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ उभं राहिलं. दुधाचा विषय गोठ्यातल्या खुराकापासून सुरू होतो हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे.

नाशिक ह्या धंद्याला सोयीचा जिल्हा आहे. मका येवला, मालेगाव, नांदगाव, चांदवड, निफाड, सिन्नर ह्या पट्ट्यातला, सोयाबीन दिंडोरी-निफाडकडचं, भाताचा कोंडा घोटीच्या राईस मिलमधून, सरकी पेंड मालेगाव आणि खान्देशातून, मळी साखर कारखान्यांकडून. म्हणजे बराचसा कच्चा माल जिल्ह्यातच नायतर शेजारी मिळतो. पण ह्यातच खरी अडचण पण आहे, कारण माल घेऊन येणारा, कारखान्याचा मालक आणि शेवटी तेच पोतं विकत घेणारा, तिन्ही एकच माणूस असतो. खाजगी फॅक्टरीला खराब माल परत करायला जड जात नाही, सोसायटीला मात्र आपल्याच सभासदाचा ट्रॅक्टर गेटवरून माघारी पाठवावा लागतो.

आणि हे प्रत्येक ऑक्टोबरात होतं. खरिपाचा मका काढणीला येतो तेव्हाच परतीचा पाऊस पडतो, बिट्या ओल्या असतानाच मळणी होते, दिवाळीसाठी पैसे पाहिजेत म्हणून खळ्यावर वाळवायला कुणाला थांबवत नाही. असा मका २० टक्क्यांच्या वर ओलावा घेऊन येतो, साठवायला मात्र १२ ते १४ टक्के पाहिजे. "आमचाच कारखाना आन् आमचाच मका परत का?" असा सवाल मी स्वतः गेटवर ऐकलेला आहे, आणि विचारणारा माणूस वाईट नव्हता, त्याचं पण बरोबर होतं, त्याच्या घरात वाळवायला जागा नव्हती. म्हणून माझं मत असं की ओलावा मोजायचं मीटर सगळ्यांसमोर ठेवावं, आकडा ट्रॅक्टरवाल्याला दाखवावा, ओल्या मालाची कपात किती ते आधी फळ्यावर लिहावं आणि संचालकाच्या मक्याला पण तोच नियम लावावा. शेवटचं झालं नाही तर बाकीचं कुणी मानत नाही.

ओल्या मक्याची एवढी भीती का, तर बुरशी. अस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी मका, शेंगदाणा आणि सरकीवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, शोध घेतला तर खाद्यातल्या ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग गेला आणि तिथून ह्या विषाची ओळख पटली. ह्या विषाचा बी१ नावाचा प्रकार गाईच्या पोटात गेला की यकृतात त्याचं एम१ नावाचं दुसरं रूप होतं आणि ते दुधात उतरतं, पुढच्या एक-दोन धारांतच दिसायला लागतं, खुराक बदलला की तीन-चार दिवसांत कमी होतं. दूध उकळून ते जात नाही. कांडी तयार करताना वाफेची उष्णता मिळते त्यानं बरेच जंतू मरतात पण हे विष तसंच राहतं.

मर्यादा किती बारीक आहे बघा. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २०५२ ह्या मानकात बी१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे ५० किलोच्या अख्ख्या पोत्यात १ मिलिग्रॅम! दुधासाठी एम१ ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. आता समजा पेंडीत किलोला १०० मायक्रोग्रॅम बी१ निघालं, गाय रोज ६ किलो खाते म्हणजे ६०० झालं, त्यातलं २ टक्के दुधात आलं तरी १२, आणि गाय १५ लिटर देत असेल तर लिटरला ०.८, म्हणजे मर्यादेच्या वर. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यात ५.७ टक्क्यांमध्ये एम१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ह्यात पाणी मिसळणाऱ्या दूधवाल्याचा दोष नसतो, दोष पेंडीत आणि चाऱ्यात असतो.

तपासणीत चूक होते ती बहुतेक नमुना घेताना होते, मशीनमध्ये नाही. बुरशी ट्रकभर सारखी नसते, एका कोपऱ्यात बुरशीची गुठळी असते आणि बाकी माल चकचकीत. एकाच पोत्यातून मूठभर काढून स्ट्रिप टेस्ट (पट्टीवरची झटपट तपासणी) केली तर रिपोर्ट क्लीन येणारच, म्हणून ट्रॉलीच्या वरून, खालून, कडेनं टोकदार नळी खुपसून बऱ्याच ठिकाणचं थोडं थोडं घ्यायचं, सगळं दळून एकत्र करायचं आणि मग त्यातलं तपासायचं. हल्ली मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या प्लँटचा चोथा पण स्वस्तात मिळतो, प्रथिनं चांगली असतात, पण मक्यातला स्टार्च निघून गेल्यामुळं मूळ मक्यात जे विष असेल ते चोथ्यात जवळपास तिप्पट होऊन येतं. तो घ्यायचाच तर गाडीगणिक तपासून घ्यावा.

दुसरा विषय प्रथिनांचा. वर्षानुवर्षं त्याच मानकातल्या टाईप १ प्रतीच्या खाद्याला किमान २२ टक्के आणि टाईप २ ला २० टक्के प्रथिनं, ओलावा ११ टक्क्यांच्या आत, असा हिशोब चालत आलाय. लॅबमध्ये प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, आणि इथंच फसवायला वाव आहे. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे १०० किलो पेंडीत १ किलो युरिया टाकला की कागदावर प्रथिनं जवळजवळ २.९ टक्क्यांनी वाढतात आणि सरकी-सोयाबीनच्या पेंडीचा खर्च वाचतो. मोठ्या जनावराच्या पोटातले जंतू थोडा युरिया वापरतात, मर्यादेत असेल तर चालतो, पण नीट मिसळला नाही आणि एका घमेल्यात गोळा आला तर गाय तासाभरात आडवी होते, लहान वासराला तर तो द्यायचाच नाही. म्हणून युरियाची वेगळी टेस्ट पाहिजे, आणि वाळू-मातीसाठी आम्लात न विरघळणाऱ्या राखेची. दुधाच्या आणि मांसाच्या जनावरांच्या खाद्यात मांस-हाडांची पावडर चालत नाही, अपवाद कोंबडी, डुक्कर आणि मासे.

कारखान्यातली बाकी कामं थोडक्यात सांगतो. माल चाळून चुंबकावरून जातो, कारण खिळा नायतर तारेचा तुकडा पोटात गेला तर तो पोट आणि छातीमधल्या पडद्यातून हृदयापर्यंत घुसू शकतो. मग हॅमर मिलमध्ये दळण, मिक्सरमध्ये मिसळण, वाफ देऊन साच्यातून कांडी, आणि कूलर. कूलरला घाई करू नये. गरम कांडी पोत्यात भरली की आतल्या आत घाम सुटतो आणि आठवड्यात पोत्याच्या आत बुरशी धरते, सगळी मेहनत तिथं वाया जाते. मिनरल मिक्श्चर बॅचला ग्रॅम-किलोत पडतं त्यामुळं ते आधी थोड्या भुश्यात कालवून मग मिक्सरमध्ये टाकतात, नाहीतर एका पोत्यात सगळं आणि दुसऱ्यात काहीच नाही.

पोतं घरी गेल्यावर पण काम संपत नाही. आमच्या घरी एका पावसाळ्यात पोती थेट भिंतीला टेकून फरशीवर ठेवली होती, खालची तीन पोती दगडासारखी झाली, आणि वरची चांगली म्हणून आम्ही तीच गाईंना घातली, दूध कमी झालं तेव्हा कुठं लक्षात आलं. तेव्हापासून फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवतो, आधी आलेलं पोतं आधी फोडतो.

सोसायटीनं प्रत्येक बॅचचा नमुना सील करून, पोत्यावर बॅच नंबर टाकून, तो माल पूर्ण विकून खाऊन होईपर्यंत ठेवायला पाहिजे. सभासद तक्रार घेऊन आला की त्याच्यासमोर तोच नमुना फोडायचा, अर्धा त्याला द्यायचा की बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घे, अर्धा आपण पाठवायचा. दोन रिपोर्ट टेबलावर आले की मग बोलायचं.