कॅटलॉगचे नियम आणि जुन्या कार्डांचं ओझं

ग्रंथालयाच्या कॅटलॉगचा एखादा नियम बदलावा असं कुणाला वाटलं, तर रीतसर प्रस्ताव लिहावा लागतो. सध्याची संहिता, म्हणजे नियमावली, ‘आरडीए’ (रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड अ‍ॅक्सेस). तिच्यासाठी आलेल्या प्रस्तावांची ठेवण साधारण ठरलेली असे: आधी बदलाचं कारण, मग आजचा मजकूर (वगळायचे शब्द खोडलेले, नवे अधोरेखित), मग तोच मजकूर स्वच्छ प्रतीत आणि शेवटी बदलाचे परिणाम काय होतील याचा अंदाज. त्यावर इतर प्रतिनिधींची लेखी मतं येतात, मग समिती निर्णय देते. परिणामांचा तो भाग वाचायला रटाळ, पण गेल्या शंभर वर्षांतली खरी भांडणं तिथंच झाली आहेत. नवा नियम चांगला आहे हे बहुतेकांना पटायचं. आधीच्या लाखो नोंदींचं काय करायचं, यावर गाडी अडायची.

सुरुवातीचं भांडण मात्र वेगळं होतं: नियम मुळात हवेत कशाला? ब्रिटिश म्युझियममध्ये १८३७ साली छापील पुस्तकांचा प्रमुख झालेला अंतोनिओ पानिझी हा इटलीतून पळून आलेला राजकीय निर्वासित. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले ९१ नियम १८४१ मध्ये कॅटलॉगच्या ‘ए’ अक्षराच्या खंडात छापले गेले. तो खंड विश्वस्तांच्या घाईपायी बाहेर पडला. बाकीची अक्षरं पुरी होण्याआधी एकच अक्षर छापण्याला पानिझीचा विरोध होता, आणि ती मालिका त्या खंडावरच थांबली. म्युझियमच्या एकूण कारभाराची चौकशी करायला रॉयल कमिशन बसलं, आणि कॅटलॉगला होणारा उशीरही त्यात आला. तिथे टॉमस कार्लाइलसारख्या नामांकित वाचकाने तक्रारी मांडल्या. जॉन पेन कॉलियर या विद्वानाने तर नियमांचं अवडंबर नको, नोंदी झटपट होतात हे दाखवायला स्वतःच्या संग्रहातल्या २५ पुस्तकांच्या नोंदी करून दिल्या. पानिझीचा सहायक जॉन विंटर जोन्सने त्या तपासल्या, आणि कॅटलॉग करताना होऊ शकणारी जवळजवळ प्रत्येक चूक त्या पंचविसांत सापडते, असा अहवाल दिला. १८५० मध्ये कमिशनचा कौल पानिझीच्या बाजूने गेला. कॉलियरला त्या २५ पुस्तकांची आठवण पुढे कुणी करून दिली असेल का, कोण जाणे.

अमेरिकेत चार्ल्स अ‍ॅमी कटरने १८७६ मध्ये आपली नियमावली काढली. कॅटलॉग कशासाठी असतो हे तिच्यात आरंभीच सांगितलं आहे, म्हणून ती आजही वाचावीशी वाटते. पण नियमबदलाच्या कथेला खरं वळण मिळालं ते १९०१ मध्ये. त्या वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेस आपली छापील कार्डं इतर ग्रंथालयांना विकू लागली. वॉशिंग्टनमध्ये एका लेखकाचं नाव ज्या रूपात छापलं जाई, त्याच रूपात ते गावोगावच्या खणांत जाऊन बसे. त्यामुळे एका ठिकाणच्या दुरुस्तीचं काम हजार ठिकाणी निघू लागलं.

हे काम काय असायचं, ते कॉम्प्युटरवर वाढलेल्या पिढीला सांगावंच लागेल. एका पुस्तकाची चार-सहा कार्डं असत: लेखकाचं, ग्रंथनामाचं, एक-दोन विषयांची, शिवाय कपाटांतल्या क्रमाच्या यादीचं. लेखकाच्या नावाचं रूप बदललं की त्याच्या प्रत्येक पुस्तकाची कार्डं शोधायची, खणाच्या तळातली लोखंडी सळई ओढून ती बाहेर काढायची, वरची ओळ खोडायची, नवी टाइप करायची आणि कार्ड नव्या जागी लावायचं. पाश्चात्त्य ग्रंथालयांत खोडायला विजेवर चालणारे खोडरबरही असत. शेवटी ‘अमुक नावाखाली पाहा’ असं सांगणारं एक कार्ड जुन्या जागी ठेवायचं. लेखकाच्या पुस्तकांची संख्या मोठी असली की दिवस त्यातच जाई.

१९०८ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन ग्रंथालय संघटनांनी मिळून संहिता केली, पण काही नियमांवर त्यांचं जुळलं नाही आणि दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे अमेरिकेतले नियम इतके फुगले की १९४१ मध्ये अँड्र्यू ऑस्बोर्नने हे संकट असल्याचं उघड लिहिलं. तरीही १९४९ ची नवी नियमावली त्याच वाटेने गेली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या सेमूर लुबेत्स्कीने ती तपासून १९५३ मध्ये अहवाल काढला. एकेक नियम समोर ठेवून तो विचारायचा, ‘हा नियम हवाच का?’ उदाहरणार्थ, सोसायटी असेल तर तिची नोंद तिच्या नावाखाली, पण विद्यापीठ, संग्रहालय असली संस्था असेल तर गावाच्या नावाखाली. या हिशेबाने एशियाटिक सोसायटी ‘ए’मध्ये आणि मुंबई विद्यापीठ ‘बॉम्बे’खाली. असा भेद वाचकाने कसा ओळखावा? नियमांच्या इतिहासात मला सगळ्यात आवडणारा माणूस हाच. ऑक्टोबर १९६१ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या इमारतीत ५३ देशांचे प्रतिनिधी जमले आणि लुबेत्स्कीच्या विचारांवर बेतलेली तत्त्वं बऱ्याच अंशी मान्य झाली.

मग १९६७ मध्ये अँग्लो-अमेरिकन नियम आले, तेही ब्रिटिश आणि उत्तर अमेरिकी अशा दोन रूपांत. गावाखाली नोंदीचा तो भेद तत्त्व म्हणून गेला होता, पण उत्तर अमेरिकी पाठात अपवाद म्हणून परत आला. कारण तर्काचं नव्हतं. मोठ्या संशोधन ग्रंथालयांनी हिशेब मांडला होता की इतकी कार्डं बदलणं परवडणार नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने तर आणखी पुढे जाऊन ठरवलं की नवे नियम फक्त नव्याने येणाऱ्या नावांना लावायचे, जुनी नावं आहेत तशीच ठेवायची. या धोरणाला ‘सुपरइम्पोझिशन’ म्हणत. थोडक्यात, नवी संहिता छापून आली आणि तिच्या डोक्यावर जुना कॅटलॉग बसून राहिला. १९७८ मध्ये अँग्लो-अमेरिकन नियमांची दुसरी आवृत्ती (एएसीआर-२) आली तेव्हा हे धोरण सोडायचं ठरलं. अंमल १९८० च्या जानेवारीत व्हायचा होता. ग्रंथालयांनी वेळ मागितला, म्हणून तो वर्षभर लांबला. १९८० अखेर लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपला कार्ड कॅटलॉग गोठवला आणि जानेवारी १९८१ पासून नव्या नियमांनी सुरुवात केली. जुनी कार्डं दुरुस्त झाली नाहीतच. नुसती बाजूला ठेवली गेली.

आपल्याकडे या सगळ्यापासून दूर, मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात, शि. रा. रंगनाथन यांनी १९३४ मध्ये स्वतंत्र संहिता काढली. नोंदीचं शीर्षक पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावरूनच ठरवायचं, बाहेरून शोधून आणायचं नाही, हा त्यांचा आग्रह. राम गणेश गडकऱ्यांचं उदाहरण घ्या: नाटकं स्वतःच्या नावावर, कविता ‘गोविंदाग्रज’, विनोदी लेखन ‘बाळकराम’. १९०८ च्या धाटणीने सगळं गडकऱ्यांच्या नावाखाली आणि बाकीच्या दोन नावांकडून तिकडे बोट दाखवणारी कार्डं. रंगनाथनांच्या रीतीने पुस्तकावर जे नाव छापलं असेल ते. एएसीआर-२ ने वेगवेगळ्या नावांनी लिहिणाऱ्याची वेगवेगळी ओळख मानली ती १९८८ च्या सुधारणेत. म्हणजे मद्रासहून निघालेला विचार तिथे पोचायला अर्धशतक लागलं, आणि तोवर आपल्या बहुतेक ग्रंथालयांनी रंगनाथनांची संहिता अभ्यासक्रमापुरती ठेवून परदेशी नियमच धरले होते. हे मला आजही खटकतं.

त्या परदेशी नियमांत भारतीय नावांसाठी एक कलम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या माणसाची नोंद त्याच्या नावाखाली, नंतरच्याची आडनावाखाली. आडनाव नसलेल्या तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम नावांसाठी वेगळी सोय. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्याबाबत ते उत्तम चालतं. पण बाळशास्त्री जांभेकर १८४६ मध्ये गेले. नियम काटेकोर लावला तर ते ‘बाळशास्त्री’खाली जातात. ‘दर्पण’च्या संपादकाला शोधणारा मराठी वाचक ‘जांभेकर’च टाइप करणार.

सगळ्याच प्रस्तावांना खर्च आडवा येतो असं नाही, हेही नोंदवायला हवं. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकांची (पुस्तक ज्या विषयाखाली नोंदवायचं त्या शब्दांची) यादी वेगळी, तिचे प्रस्तावही वेगळे. डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये ‘इल्लीगल एलियन्स’ (बेकायदा परदेशी) हे शीर्षक बदलायला सांगितलं. आधी नकार मिळाला. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने होकार दिल्यावर प्रतिनिधिगृहातून विरोध झाला आणि बदल अडकला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये तो झाला. हा शुद्ध राजकारणाचा मामला होता.

संहितेकडे परत येऊ. १९९७ च्या टोरांटो परिषदेत एएसीआरच्या मुळांवरच प्रश्न उठले. तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा टीकेनंतर बाजूला ठेवला गेला आणि २०१० मध्ये आरडीए आली. अमेरिकेतल्या तीन राष्ट्रीय ग्रंथालयांनी आधी चाचणी घेतली, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून ती पूर्णपणे लागू केली. लॅटिन संक्षेप गेले. तीनपेक्षा जास्त लेखक असले की पहिलाच ठेवून बाकीच्यांना ‘इत्यादी’त ढकलण्याची सक्ती गेली. ‘कोरान’ हे शीर्षक ‘कुरआन’ झालं. तरी आरडीए रचताना एक अट घातलेलीच होती: नव्या नोंदी एएसीआरच्या जुन्या नोंदींशेजारी नांदल्या पाहिजेत. कार्डं गेली, पण परिणामांचा परिच्छेद राहिला. फरक इतकाच की आता नावाचं रूप अधिकृत नामसूचीत एकदा बदललं की जोडलेल्या नोंदी यंत्र बदलतं, आणि ‘कुरआन’चं काम बरंचसं तसंच झालं.

भारतीय नावांचं ते कलम आरडीएच्या परिशिष्टात जवळपास जसंच्या तसं आलं. १८५० च्या आसपासच्या, आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकांसाठी त्यात सुधारणा सुचवायची, तर परिणामांचा भाग आज जेमतेम चार ओळींचा होईल. जांभेकरांच्या पिढीतले छापील मराठी लेखक मोजके, आणि १८०० पासूनची पुस्तकं शं. ग. दात्यांनी मराठी ग्रंथसूचीत नोंदवून ठेवली आहेत. नावं तिथून काढता येतील. कारणांचा भाग लिहायला मात्र कुणीतरी बसावं लागेल.