गावात दुर्मिळ रानफूल सापडलं तर कागद कसा करायचा? खान्देशातल्या गावांसाठी अर्ज, ठराव आणि कागदपत्रं

श्रावणात सातपुड्याच्या पायथ्याला चार चांगल्या सरी पडून गेल्या की बोरीच्या जाळीत एक बारीक वेल चढलेला दिसतो. दिसतो म्हणजे शोधला तर दिसतो. त्याचं फूल बोटाच्या एका पेराएवढं: खाली फुगीर, मधे नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेली जाळी. हुबेहूब कंदील. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरली की केस सुकून मऊ पडेपर्यंत तिला बाहेर येता येत नाही. सुटते तेव्हा अंगावर पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. हे कंदीलपुष्प. काही गावांत त्याला खरपुडी म्हणतात आणि जमिनीतला त्याचा कंद गुराखी पोरं उकरून कच्चाच खातात.

पोरांनी चार कंद खाल्ल्याने वेल संपत नाही. पोतं घेऊन आलेल्या माणसाने संपतो. सफेद मुसळीचं सातपुड्यात तेच झालं, कळलावीचे कंदही तसेच उकरून नेले जातात. म्हणून गावातली जाणती मंडळी विचारतात, "सर, याला सरकारी संरक्षण मिळेल का? अर्ज कुठे करायचा?" त्याचं उत्तर नीट लिहून ठेवतो आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. फूल दुर्मिळ आहे एवढ्यावर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहत नाही. ते कोणाच्या जमिनीवर आहे आणि त्याची नोंद कोणत्या कागदावर आहे, हे आधी विचारलं जातं. या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्या हातात असतील तर पुढचं काम सरळ होतं.

आधी सातबारा काढा

वेल ज्या जागी आहे तिचा गट नंबर तलाठ्याकडून समजून घ्या आणि त्या गटाचा सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा चालतो.

जमीन वनखात्याची निघाली तर भारतीय वन अधिनियम 1927 लागू होतो. राखीव वनातून झाड, कंद, फूल काहीही परवानगीशिवाय नेता येत नाही, ते दुर्मिळ असो वा नसो. यावल, अनेर धरण किंवा चाळीसगावकडचं गौताळा-औट्रमघाट यांसारख्या अभयारण्यात नियम आणखी कडक आहेत: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 29 प्रमाणे तिथून काहीही हलवायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो.

याच कायद्यात 'विनिर्दिष्ट वनस्पती' असं स्वतंत्र प्रकरण आहे. 1991 च्या दुरुस्तीने ते आलं. यादीतली वनस्पती वनजमिनीवरून तोडणं, उपटणं, जवळ बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. आधी यादीत फक्त सहा नावं होती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची 3 मध्ये गेली आणि नीलकुरिंजीसारखी नावं वाढली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूचित जमातीच्या माणसाला आपल्या जिल्ह्यात स्वतःच्या खऱ्या गरजेपुरतं गोळा करायची मुभा आहे, हेही लक्षात ठेवा. गावातल्या आजीला कुणी उगाच घाबरवू नये. पण यादी छोटीच आहे. आपल्या माळरानावरची बहुतेक फुलं तिच्यात नाहीत, म्हणून सगळी भिस्त या कायद्यावर ठेवून चालत नाही.

जमीन गायरान असेल, गावठाणालगतचा माळ असेल किंवा कुणाचा खासगी बांध असेल, तर खरा आधार जैविक विविधता अधिनियम 2002 चा. गावाने चालवायचा कायदा हाच, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्याबद्दल आहे.

ओळख पटवताना वेल उपटू नका

हे कळकळीने सांगतो. "नमुना दाखवायला" म्हणून मुळासकट आणलेली झाडं मी पाहिली आहेत. एका वर्षी तर त्या जागी मुळात चारच वेल होते, त्यातला एक पिशवीत घालून आणला होता.

मोबाइलने फोटो काढा: फूल बाजूने, फूल समोरून, पानाची वरची आणि खालची बाजू, खोड, आणि भोवतालची जागा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. तारीख, गट नंबर, किती वेल दिसले, जवळ कोणती झाडं आहेत हे वहीत लिहा. शेंगा आल्या की त्यांचाही फोटो घ्या. कंदीलपुष्पाच्या शेंगा बारीक, जोडीने येतात आणि आत रेशमी केसांचं बी असतं. जात ठरवायला याची मदत होते.

हे सगळं घेऊन जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे. ओळखीचं पत्र विभागाच्या लेटरहेडवर, शास्त्रीय नावासह घ्या. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे पत्र मागतात. वाळवलेला नमुना ठेवायची गरज आहे असं तज्ज्ञ म्हणाले, तर वनजमिनीवरून तो तुम्ही काढू नका. संस्थेने परवानगी घेऊन काढावा.

नोंदवहीतली नोंद: पाया हाच

2002 च्या कायद्याच्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. अध्यक्ष आणि सहा सदस्य अशी तिची साधारण रचना असते, त्यात महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जागा राखलेल्या असतात. लोकांशी बोलून 'लोकजैवविविधता नोंदवही' तयार करणं आणि ती चालू ठेवणं हे तिचं मुख्य काम.

तुमच्या गावात समिती कागदावर बहुतेक असेलच. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट 2019 मध्ये आदेश दिला की 31 जानेवारी 2020 पर्यंत सगळीकडे समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्यांनी महिन्याला दहा लाख रुपये भरा. त्या घाईत नोंदवह्या झाल्या. काही चांगल्या झाल्या, काहींत शेजारच्या गावाचीच झाडं पुन्हा उतरली. त्यामुळे आधी ग्रामपंचायतीत जाऊन तुमच्या गावाची नोंदवही बघा. दाखवली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. समिती स्थापनेचा ठराव, सदस्यांची यादी आणि नोंदवही पूर्ण झाल्याची तारीख एवढंच मागा. प्रश्न जितका नेमका, उत्तर तितकं लवकर.

नोंद घ्या असा अर्ज गावातला कुणीही रहिवासी करू शकतो. फी नाही, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागत नाही. सोबत आधारची प्रत, सातबारा, फोटो, ओळखीचं पत्र आणि गावातल्या दोन-तीन जाणत्यांचं म्हणणं जोडा: वेलाला स्थानिक नाव काय, पूर्वी कुठे कुठे दिसायचा, कशासाठी वापरत. हे शेवटचं पान लोक टाळतात, पण नोंदवहीचा जीव त्यातच आहे. पावरा, भिल, कोकणा आजी-आजोबांना जे ठाऊक असतं ते कुठल्याच कॉलेजात लिहिलेलं नसतं. नाव अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच लिहा, "शुद्ध" करू नका.

अर्जाचा मजकूर असा ठेवा:

*प्रति, मा. अध्यक्ष / सचिव, जैवविविधता व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत ........, ता. ........, जि. ........*

*विषय: दुर्मिळ वनस्पतीची लोकजैवविविधता नोंदवहीत नोंद घेऊन नेमके ठिकाण गोपनीय ठेवणेबाबत.*

*महोदय, मौजे ........ येथील गट क्र. ........ मध्ये ........ (स्थानिक नाव) ही वनस्पती दि. ........ रोजी आढळली. अंदाजे संख्या ........ आहे. ........ विभागाचे वनस्पती ओळखीचे पत्र सोबत जोडले आहे. तरी समितीच्या पुढील सभेत विषय घेऊन नोंद करावी, जागेचे संरक्षण करण्याबाबत ठराव करावा आणि ठरावाची प्रत मला मिळावी, ही विनंती.*

दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) जागेवर नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

विषयात "ठिकाण गोपनीय" का लिहिलं, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका आमरीचा (ऑर्किडचा) फोटो मी आनंदाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, खाली नाल्याचं नावही लिहिलं. पंधरा दिवसांनी गेलो तर तिथे ओली माती आणि खड्डे होते. कुणी नेलं ते कळलं नाही. ती जागा आजही मोकळी आहे. त्यामुळे फोटो टाकताना मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा आणि गावाच्या पुढे काही लिहू नका. नोंदवहीतलीही अशी माहिती उघड करायची नसते. समितीला तशी आठवण द्या.

जागाच वाचवायची असेल तर: जैवविविधता वारसा स्थळ

नोंद झाली म्हणजे जागा वाचली असं नाही. त्या माळावर उद्या मुरूम काढायला जेसीबी आला तर नोंदवही एकटी त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी 2002 च्याच कायद्यात कलम 37 आहे. राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा राजपत्रात 'जैवविविधता वारसा स्थळ' म्हणून जाहीर करू शकतं. खान्देशात याचं उदाहरण आहे: जळगाव शहरालगतचं लांडोरखोरी 2020 मध्ये वारसा स्थळ झालं.

दुर्मिळ आणि धोक्यातल्या जाती असणं, नाजूक परिसंस्था असणं, पिकांचे रानटी नातेवाईक असणं, देवराईसारखा सांस्कृतिक ठेवा असणं, यातलं काहीही लागू पडलं तरी प्रस्ताव करता येतो. गावात पहिली शंका हमखास येते की "उद्या आमची गुरं बंद होतील." राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना इथे स्पष्ट आहेत: लोकांनी स्वतःहून ठरवलेल्या बंधनांपलीकडे त्यांच्या चालत आलेल्या वापरावर वारसा स्थळामुळे बंदी यायची नाही. कुणाचं आर्थिक नुकसान झालंच तर भरपाई किंवा पुनर्वसनाची योजना करणं राज्यावर बंधनकारक आहे. ही दोन वाक्यं ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. अर्धा विरोध तिथेच मावळतो.

प्रस्तावाचा रस्ता असा: समितीचा ठराव, मग ग्रामसभेचा ठराव, मग नागपूरला महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव. मंडळाकडून पाहणी आणि चर्चा होते, शिफारस शासनाकडे जाते आणि शेवटी राजपत्र. सोबत दोन्ही ठराव, सातबारा, चतुःसीमा दाखवणारा मोजणीचा नकाशा, प्रजातींची यादी, ओळखीची पत्रं, फोटो आणि 'जागा कशी सांभाळणार' याचा दोन-तीन पानी आराखडा लागतो. जमीन वनखात्याची असेल तर उपवनसंरक्षकांचं म्हणणं, खासगी असेल तर मालकाची लेखी संमती आधीच घ्या. आराखड्यात मोठे शब्द नकोत. "ऑगस्ट ते ऑक्टोबर या कोपऱ्यात चराई नाही, बाकी वर्षभर खुली" असं एक वाक्य पुरेसं बोलतं. वणवा कोण विझवणार हेही लिहा.

अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर यांसारख्या अनुसूचित क्षेत्रात 2014 च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नियमांप्रमाणे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. तशी असेल तर ठराव तिचाच घ्या. गावाला वनहक्क कायदा 2006 खाली सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळालेला असेल तर जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आधीच आहे आणि त्या कायद्याचं कलम 5 जैवविविधता जपण्याचा अधिकारही देतं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहून या. जंगल गावाने राखलं तर काय होतं ते तिथे डोळ्यांना दिसतं. तिथल्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी.

वनस्पतीच्या अख्ख्या जातीलाच संरक्षण हवं असेल तर जैविक विविधता कायद्याचं कलम 38 आहे. नामशेष व्हायच्या बेतात असलेली जात केंद्र सरकार राज्याशी विचारविनिमय करून जाहीर करतं आणि तिच्या संकलनावर बंदी किंवा नियंत्रण आणतं. गावाने यासाठी आपली नोंद आणि ठराव मंडळाकडे पाठवून शिफारशीची मागणी करायची. वेळ लागतो, पण मागणी कागदावर असू द्या.

कुणी उकरताना दिसलं तर

वनजमिनीवर असेल तर वनरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी किंवा 'हॅलो फॉरेस्ट' 1926 वर लगेच कळवा. स्वतः हातघाईवर येऊ नका. गाडीचा नंबर आणि फोटो पुरे. गायरानावर किंवा गावच्या हद्दीत व्यापारासाठी माल गोळा होत असेल तर समितीला त्यावर शुल्क लावायचा अधिकार आहे, आणि कंपनीने किंवा व्यापाऱ्याने राज्य मंडळाला आधी कळवलं होतं का, हे विचारता येतं. गावकरी आणि वैद्य यांना ती अट नाही. 2023 च्या दुरुस्तीनंतर जैविक विविधता कायद्याचा भंग केल्यास तुरुंग नाही, दंड आहे: एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंत. तक्रार समितीच्या ठरावासह मंडळाकडे पाठवा. एकट्या माणसाच्या पत्रापेक्षा ठरावाला वजन असतं.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. ही फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात आणि नेमकी 15 ऑगस्टला ग्रामसभा असते. गेल्या हंगामातले फोटो आणि पत्र तयार असेल तर अर्ज जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात द्या, म्हणजे विषयपत्रिकेवर येईल. सभेच्या आदल्या दिवशी सरपंच आणि दोन-चार पंचांना त्या जाळीपर्यंत घेऊन जा. वेल हातात न घेता, वाकून, कंदील दाखवा.