रिंगसाइड डॉक्टर : कामाबद्दलचे मतभेद

रिंगसाइड डॉक्टर म्हणजे बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, मुए थाय (थायलंडचं किकबॉक्सिंग), एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) अशा लढतींत रिंग किंवा केजला (जाळीच्या पिंजऱ्याला) लागून बसणारा, आधी खेळाडू तपासणारा आणि वेळ आली तर लढत थांबवणारा (काही ठिकाणी फक्त रेफरीला तसं सांगणारा) डॉक्टर. हे काम डॉक्टरने करावं का यावर डॉक्टरांचंच एकमत नाही.

सुरुवात कुठून धरायची इथूनच वाद आहे. बरेच जण थेट प्राचीन ग्रीक वैद्य गेलनपासून धरतात, कारण इ.स. 157 च्या सुमारास तो पर्गमम शहरात ग्लॅडिएटरांचा (लोकांसमोर शस्त्रांनी झुंजणाऱ्या रोमन लढवय्यांचा) वैद्य होता, साल थोडं मागेपुढे होऊ शकतं. पण त्याला नेमलं होतं ग्लॅडिएटर बाळगणाऱ्या मुख्य पुजाऱ्याने, आणि काम होतं त्यांचं खाणंपिणं आणि जखमा बघायचं, म्हणजे मालकाची गुंतवणूक शाबूत ठेवायचं, त्यामुळे त्याला आजच्या रिंगसाइड डॉक्टरचा पूर्वज म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. बॉक्सिंगचे 1867 चे क्वीन्सबेरी नियम घेतले तर त्या 12 नियमांत ग्लोव्हज आहेत, तीन मिनिटांचा राउंड आहे, दहा सेकंदांची मोजणी आहे, डॉक्टर कुठेच नाही. न्यूयॉर्कच्या 1920 च्या वॉकर या बॉक्सिंग कायद्यानंतर देखरेख करणारं सरकारी कमिशन, लायसन्स आणि लढतीआधीची तपासणी आली, सुरुवात तिथून धरणं जास्त पटतं. गेलनच्या गोष्टीतली एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही : लढत भरवणाऱ्याच्याच खिशातून पैसे येत असतील तर डॉक्टर नक्की कोणाचा?

मेंदूवरच्या परिणामांची चर्चा वैद्यकीय जर्नलमध्ये आली ती 1928 ला, न्यू जर्सीतले पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलँड यांच्या लेखामुळे. 1973 ला कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी 15 माजी बॉक्सरांचे मेंदू तपासून त्यातले बदल मांडले, आज ज्याला सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) म्हणतात त्या चर्चेत हे काम अजून येतं.

बंदीची मागणी जोरात आली 1980 च्या दशकात. नोव्हेंबर 1982 मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा डुक कू किम कोसळला आणि चार दिवसांनी वारला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांनी 1983 ला बंदीच्या बाजूने संपादकीय लिहिलं, वर्ल्ड मेडिकल असोसिएशनने त्याच वर्षी बंदीची शिफारस केली, अमेरिकन असोसिएशनची 1984 ला, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची 1982 पासूनच तीच भूमिका. युक्तिवाद असा की बाकी खेळांत डोक्याला लागणं अपघात असतो, इथे डोक्यावर मारून समोरच्याला बेशुद्ध पाडलं की जिंकता येतं, आणि डॉक्टर शेजारी बसला की या सगळ्याला प्रतिष्ठेचा शिक्का मिळतो.

दुसरी बाजू म्हणते, आम्ही उठून गेलो तर लढती थांबणार नाहीत, बिनडॉक्टरच्या हॉलमध्ये जातील. अमेरिकेत 1997 ला रिंगसाइड डॉक्टरांची स्वतःची संघटना उभी राहिली ती याच विचारातून. नॉर्वेत 1981 ते 2014 प्रोफेशनल बॉक्सिंगवर बंदी होती, तरी तिथली सेसिलिया ब्रेकहुस परदेशात लढून वर्ल्ड चॅम्पियन झालीच. मध्यम मार्गही आहे, डॉक्टरने फक्त वैद्यकीय कारणं बघावी, प्रेक्षक, प्रमोटर, खुद्द खेळाडूची इच्छासुद्धा बाजूला ठेवावी, असं अमेरिकन असोसिएशनच्याच आचारसंहितेत होतं. हे जास्त टिकाऊ वाटतं, पण डॉक्टरच्या हातात अधिकार आणि सोय असेल तरच.

सोयीचा मुद्दा ब्रिटिश बॉक्सर मायकेल वॉटसनच्या केसने कायमचा बदलला. 21 सप्टेंबर 1991 ला लंडनच्या व्हाइट हार्ट लेनवर ख्रिस युबँकविरुद्ध बाराव्या राउंडला लढत थांबली, डॉक्टरने तपासेपर्यंत सात मिनिटं गेली, मग त्याला नेलं त्या हॉस्पिटलात न्यूरोसर्जरीच नव्हती, तिथून पुन्हा दुसरीकडे. डोक्यातल्या शिरा फाटून मेंदूवर रक्त साठत जातं तेव्हा ही मिनिटंच सगळं ठरवतात. डॉक्टर हजर नव्हते असं नाही, तीन होते! कमी पडलं ते जागेवरच श्वासनलिकेत ट्यूब घालून ऑक्सिजन देणं आणि आधीपासून ठरलेलं न्यूरोसर्जिकल युनिट. डिसेंबर 2000 मध्ये अपील कोर्टाने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डालाच जबाबदार धरलं. 1995 ला बॉक्सर जेराल्ड मॅकक्लेलन असाच कोसळला तेव्हा सुधारलेली व्यवस्था होती, ऑपरेशन लवकर झालं आणि तो वाचला, मात्र गंभीर अपंगत्व राहिलं.

प्रत्यक्ष काम होतं ते बहुतेक दोन राउंडमधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत. कटमॅन (खेळाडूच्या जखमांचं रक्त थांबवणारा) अॅड्रेनॅलिनचा बोळा जखमेत दाबून धरतोय, कोच कानात ओरडतोय, आणि डॉक्टरने त्यातच वाट काढून टॉर्चने बाहुल्या बघायच्या, कितवा राउंड ते विचारायचं. उत्तर काहीही आलं तरी पुढे ‘मी ठीक आहे’ येतंच, त्यावर कोणी विसंबत नाही. भुवईवरच्या जखमेपेक्षा पापणीची जास्त धास्तीची. डोळ्याजवळच्या जखमेमुळेच 2003 ला लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सर लेनॉक्स लुईसविरुद्ध व्हिटाली क्लिट्श्को तिन्ही जजांच्या कार्डवर पुढे असताना सहाव्या राउंडनंतर डॉक्टरने लढत थांबवली, 2019 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला एमएमएच्या नेट डियाझची थांबली तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

खेळाडूच्या गोटातल्या डॉक्टरची गोष्ट वेगळी. मुहम्मद अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको 1977 च्या अर्नी शेव्हर्सविरुद्धच्या लढतीनंतर, अलीच्या किडन्या बिघडत असल्याचे रिपोर्ट पुढे करूनही कोणी ऐकेना म्हणून बाहेर पडले.

अलीकडे नैतिकतेपेक्षा जबाबदारी अंगावर येण्याची भीती मोठी. 2013 ला न्यूयॉर्कमध्ये लढतीनंतर बॉक्सर मॅगोमेद अब्दुसलामोव्ह अॅम्ब्युलन्सऐवजी टॅक्सीने हॉस्पिटलला गेला, मेंदूत रक्तस्राव निघाला, आणि 2017 ला न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला 2.2 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.