पहिली की पंचविसावी? टिमेआ बाबोशच्या निमित्ताने एकेरी आणि दुहेरीची क्रमवारी

१६ जुलै २०१८ च्या डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) क्रमवारीत हंगेरीची टिमेआ बाबोश जगात पहिली होती. हंगेरीतल्या कुठल्याही टेनिसपटूला, पुरुष असो की स्त्री, तोवर हे जमलं नव्हतं. पण तिच्या कारकिर्दीची माहिती वाचायला घेतली की शेजारीच दुसरी ओळ दिसते: सर्वोत्तम क्रमांक २५, सप्टेंबर २०१६. मग प्रश्न पडतो की जगात पहिली आलेल्या बाईंचा सर्वोत्तम क्रमांक पंचविसावा कसा?

पहिला क्रमांक दुहेरीतला, पंचविसावा एकेरीतला. आपल्याकडे सानिया मिर्झाच्या बाबतीत नेमका हाच घोळ होतो. ती एकेरीत २००७ मध्ये २७ व्या क्रमांकापर्यंत पोचली आणि दुहेरीत एप्रिल २०१५ मध्ये पहिली झाली. रोहन बोपण्णाचं अंतर तर याहून मोठं. दुहेरीत तो जानेवारी २०२४ मध्ये अव्वल ठरला, एकेरीत त्याची मजल २१३ च्या पुढे कधी गेली नाही. बातमीत नुसतं ‘जगात पहिला’ छापलं की अर्धी माहिती गळते.

इथवर सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे, कारण दुहेरीतला क्रमांक नेमका कुणाचा, खेळाडूचा की जोडीचा, यावर बहुतेकांची गफलत होते.

आधी हिशेब. दोन्ही क्रमवाऱ्यांमध्ये मागच्या ५२ आठवड्यांतले गुण मोजतात, पण दोन्हींची खाती पूर्ण वेगळी असतात. एकेरीतला एकही गुण दुहेरीच्या खात्यात जात नाही, दुहेरीतला एकेरीत येत नाही. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, वरच्या टप्प्यांचे गुण दोन्हीकडे सारखेच: विजेतेपदाला २०००, उपविजेतेपदाला १३००, उपांत्य फेरीला ७८०, उपांत्यपूर्व फेरीला ४३०. मात्र एकेरीच्या १२८ जणींच्या ड्रॉमध्ये (सामन्यांच्या आराखड्यात) त्या २००० साठी सात सामने जिंकावे लागतात, दुहेरीच्या ६४ जोड्यांच्या ड्रॉमध्ये सहा. दुहेरीत ते २००० दोघींत वाटून मिळत नाहीत. प्रत्येकीच्या खात्यात पूर्ण जमा होतात.

किती स्पर्धा मोजायच्या, हेही वेगळं. बाबोश अव्वल झाली तेव्हा महिलांच्या एकेरीत सर्वोत्तम १६ निकाल धरत आणि दुहेरीत ११. २०२४ पासून हे आकडे १८ आणि १२ झाले. दुहेरीत मोजणीचे निकाल कमी असल्यामुळे एका ग्रँड स्लॅम विजेतेपदाचं वजन फार मोठं होतं, आणि चारदोन आठवडे पहिल्याच फेरीत गेले तरी ते निकाल मोजणीबाहेर पडतात. दुहेरीचा क्रमांक एकेरीपेक्षा झपाट्याने वर चढतो आणि तितक्याच झपाट्याने घसरतो, तो यामुळे.

घसरण कशी होते, याचं बाबोशचंच उदाहरण घ्या. जानेवारी २०१८ मध्ये तिने फ्रान्सच्या क्रिस्टिना म्लाडेनोविचबरोबर माकारोव्हा आणि वेस्निना या जोडीला ६-४, ६-३ असं हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. २००० गुण. पुढच्या जानेवारीत हीच जोडी पुन्हा अंतिम फेरीत पोचली, पण समंथा स्टोसर आणि चांग श्वाय यांच्याकडून हरली. ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी म्हणजे थोर कामगिरी, तरी खात्यातून जुने २००० वजा झाले आणि १३०० आले. म्हणजे ७०० चं नुकसान. २०२० मध्ये शिए सु-वेई आणि बार्बोरा स्ट्रिकोव्हा यांना ६-२, ६-१ असं धुऊन त्यांनी ते विजेतेपद परत मिळवलं, तेव्हा ते ७०० परत आले. ‘अंतिम फेरी गाठूनही क्रमांक खाली कसा?’ या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यात सापडतं.

करोनाकाळाने यात आणखी एक गंमत केली. बाबोश आणि म्लाडेनोविचने २०१९ ची फ्रेंच ओपन जिंकली होती, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ढकललेली २०२० चीही जिंकली. पण त्या काळात जुने गुण गोठवून ठेवले होते, आणि एकाच स्पर्धेचे दोन निकाल एकदम मोजता येत नव्हते. त्यामुळे २०१९ च्या २००० च्या जागी २०२० चे २००० बसले. चषक आला, खात्यात भर शून्य.

आता तो अवघड भाग. दुहेरीचं विजेतेपद जोडीचं असतं, क्रमांक मात्र एकेका खेळाडूचा. बाबोश आणि म्लाडेनोविचने चार ग्रँड स्लॅम एकत्र जिंकली: दोन ऑस्ट्रेलियन, दोन फ्रेंच. मग दोघी एकाच दिवशी अव्वल व्हायला हव्या होत्या, असं वाटणं साहजिक आहे. तसं झालं नाही. बाबोश जुलै २०१८ मध्ये पहिली झाली, म्लाडेनोविच जून २०१९ मध्ये, फ्रेंच ओपन जिंकल्यानंतर. कारण जोडी २०१८ च्या मोसमासाठी पुन्हा जमली होती, आणि त्याआधीच्या वर्षात प्रत्येकीने वेगळ्या जोडीदारांबरोबर मिळवलेले गुण अजून खात्यात होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सिंगापूरला बाबोशने चेक खेळाडू आंद्रेआ ह्लावाच्कोवाबरोबर डब्ल्यूटीए फायनल्स ही वर्षअखेरची स्पर्धा जिंकली होती. जोडीदार बदलली तरी ते गुण बाबोशकडेच राहिले आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मोजले गेले.

जोडीचे गुण स्वतंत्रपणे मोजतात ते एकाच कामासाठी: वर्षअखेरच्या डब्ल्यूटीए फायनल्समध्ये कोणत्या आठ जोड्या जाणार हे ठरवायला. या यादीला ‘रेस’ म्हणतात. तिथे जानेवारीपासून दोघींनी मिळून मिळवलेले गुणच धरतात. इतर कुणाबरोबर खेळून मिळवलेले तिथे निरुपयोगी. म्हणून एखादी खेळाडू वैयक्तिक क्रमवारीत पहिल्या पाचांत असूनही फायनल्सच्या बाहेर राहू शकते. दर दोन महिन्यांनी जोडीदार बदलणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. बाबोशने म्लाडेनोविचबरोबर २०१८ आणि २०१९ अशी सलग दोनदा फायनल्स जिंकली. आधीची ह्लावाच्कोवाबरोबरची धरून सलग तीन. त्यामागे एका मोसमात एकाच जोडीदाराला धरून राहणं हेही एक कारण आहे.

स्पर्धेत प्रवेश मिळणं आणि मानांकन (वरच्यांची गाठ सुरुवातीलाच पडू नये म्हणून ड्रॉमध्ये दिलेलं स्थान) मिळणं, या दोन्हींतही लोक गल्लत करतात. एकेरीत सरळ मामला असतो: ग्रँड स्लॅमसाठी सुमारे सहा आठवडे आधीची क्रमवारी बघतात, साधारण पहिल्या शंभरात असाल तर मुख्य ड्रॉ, नाहीतर पात्रता फेरीचे तीन सामने. दुहेरीत दोघींच्या क्रमांकांची बेरीज करतात, आणि प्रवेशासाठी प्रत्येकीला आपला एकेरीचा किंवा दुहेरीचा, जो चांगला असेल तो क्रमांक वापरता येतो. समजा एक खेळाडू एकेरीत ४० वी, दुहेरीत ३०० वी आहे आणि तिची जोडीदार दुहेरीत ६० वी. त्यांची बेरीज १०० धरली जाते, ३६० नाही. बेरीज जितकी कमी तितका प्रवेश सोपा. एकेरीतल्या नामांकित खेळाडू मधूनच दुहेरीत दिसतात त्या या दारातून. मानांकन देताना मात्र दुहेरीचेच क्रमांक बघतात. त्यामुळे ही जोडी आत येईल, पण बिनमानांकित, आणि पहिल्याच फेरीत बाबोश-म्लाडेनोविचसारख्यांच्या समोर पडू शकेल.

मिश्र दुहेरीची गोष्ट अजून निराळी: तिला क्रमवारीच नाही. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बाबोश महिला दुहेरी जिंकत असतानाच बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीतही पोचली होती. गॅब्रिएला डाब्रोव्स्की आणि माटे पाविच यांनी ती लढत २-६, ६-४, ११-९ अशी हिसकावली. त्या अंतिम फेरीचे बाबोशला किंवा बोपण्णाला कुठल्याही खात्यात शून्य गुण मिळाले. बक्षिसाची रक्कम मिळाली, नोंद राहिली, एवढंच.

तो ११-९ आकडा म्हणजे सेट नव्हे. तिसऱ्या सेटऐवजी खेळलेला दहा गुणांचा टायब्रेक तो. किमान दहा आणि दोनचा फरक हवा. डब्ल्यूटीएच्या नेहमीच्या दुहेरी स्पर्धांतही तिसरा सेट नसतो, हा टायब्रेक असतो. शिवाय गेममध्ये ४०-४० झालं की अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे सलग दोन गुणांची अट, नाही. एकच निर्णायक गुण, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवते. ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत तिसरा सेट पूर्ण खेळतात. २०१८ च्या यूएस ओपनची अंतिम फेरी बाबोश-म्लाडेनोविच अ‍ॅश बार्टी आणि कोको वांडवेघे यांच्याकडून ३-६, ७-६, ७-६ अशी हरल्या, ती त्याच पद्धतीने. छोट्या स्वरूपात नशिबाचा वाटा वाढतो, हे स्पष्टच सांगायला हवं. दोन तास वरचढ खेळून दहा मिनिटांत सामना जाऊ शकतो.

खेळही वेगळा. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोन्ही बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या दुहेरीत खेळात येतात. लांबी तीच, ७८ फूट. पण माणशी जागा कमी असल्यामुळे धावण्यापेक्षा पहिले दोन फटके महत्त्वाचे ठरतात: सर्व्हिस आणि तिचा परतावा. परतावा जरा उंच आला की जाळ्याजवळची जोडीदार मधे झेपावून तो संपवते. बाबोशची ताकद तिच्या जोरदार सर्व्हिसमध्ये आणि जाळ्याजवळच्या हातात आहे. एकेरीत पंधरा-वीस फटक्यांच्या रॅलीत जी बाजू उघडी पडते, ती दुहेरीत झाकायला दुसरी खेळाडू असते. दुहेरीत ती चार वेळा ग्रँड स्लॅम जिंकली आणि एकेरीत ग्रँड स्लॅमच्या तिसऱ्या फेरीपुढे गेली नाही, याचा उलगडा निदान काही अंशी इथे होतो.

म्हणून तिची एकेरीची कारकीर्द फुटकळ समजू नये. १० मे १९९३ ला शोप्रोन या ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या गावात जन्मलेली ही मुलगी १८ व्या वर्षी मेक्सिकोत माँटेरीची स्पर्धा जिंकली. पुढे २०१७ मध्ये बुडापेस्टला, घरच्या प्रेक्षकांसमोर, लुसी शाफार्जोव्हाला हरवून दुसरं आणि २०१८ मध्ये तैपेईला तिसरं विजेतेपद. २०१६ च्या यूएस ओपनमध्ये तिने सिमोना हालेपला तीन सेटपर्यंत झुंजवलं, आणि त्याच महिन्यात ती २५ वी झाली. दुहेरीची चुणूक मात्र कुमार गटातच दिसली होती: २०१० मध्ये तिने स्लोन स्टीफन्सबरोबर मुलींची फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस अशी तिन्ही दुहेरी विजेतेपदं मिळवली. स्टीफन्स पुढे एकेरीत यूएस ओपन जिंकली. एकाच जोडीतल्या दोघींच्या वाटा अशा फुटल्या.

मग दुहेरीत अव्वल असताना एकेरी खेळायचीच कशाला? पैशाचं गणित पाहा. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेतीला ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. दुहेरीच्या विजेत्या जोडीला साडेसात लाख, म्हणजे बाबोशच्या वाट्याला पावणेचार लाख. एकेरीत पहिल्याच फेरीत हरणारीला ६० हजार मिळत होते. एकेरीचा मुख्य ड्रॉ गाठणं म्हणजे वर्षातून चार वेळा प्रशिक्षकाचा आणि प्रवासाचा खर्च निघण्याची हमी. दुहेरीत ही हमी फक्त वरच्या मूठभर जोड्यांना असते.

दुसरी जोखीम जोडीदाराची. एकेरीत आपला गुडघा, आपलं नशीब. दुहेरीत जोडीदाराच्या दुखण्याने आपलीही स्पर्धा संपते. २०२० च्या यूएस ओपनमध्ये बाबोश आणि म्लाडेनोविच अव्वल मानांकित होत्या आणि पहिली फेरी जिंकल्या होत्या. म्लाडेनोविच एका करोनाबाधित खेळाडूच्या संपर्कात आली होती. स्थानिक आरोग्य विभागाने तिच्या विलगीकरणाचा आदेश काढला आणि जोडीला स्पर्धेतून काढण्यात आलं. बाबोश न हरता बाहेर. दुसरी जोडीदार घेऊन पुढे खेळण्याची सोय दुहेरीत नाही. स्पर्धा सुरू झाल्यावर जोडी मोडली की दोघी बाद.

बाबोश आता दुहेरीचीच खेळाडू आहे. २०२५ मध्ये ब्राझीलच्या लुइसा स्टेफानीबरोबर जोडीच्या रेसमधून ती पुन्हा रियाधच्या डब्ल्यूटीए फायनल्सला गेली आणि अंतिम फेरीत वेरोनिका कुदेरमेतोवा व एलिसे मर्टेन्स यांच्याकडून हरली. तिथे मिळालेले गुण दोघींच्या स्वतंत्र खात्यांत पुढचे ५२ आठवडे राहतात, मग त्या पुढच्या मोसमात कुणाबरोबरही खेळोत.