म्हादईच्या वादामागची खाजने

गोवा आणि कर्नाटक यांच्यातल्या म्हादई नदीच्या पाणीवादाचा विषय निघाला की कुणाच्या वाट्याला किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, इथेच चर्चा अडते. ते पाणी खाली गोव्याच्या तिसवाडी-बार्देश तालुक्यांतल्या खाजनांसाठी, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांसाठी, नेमके काय करते, यावर फारसे कुणी बोलत नाही.

बेळगाव जिल्ह्यात भीमगडच्या जंगलात उगम पावलेली म्हादई गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून उतरते आणि पुढे मांडवी होऊन आग्वाद व काबो या भूशिरांच्या मधून समुद्राला मिळते. काबोच्या दक्षिणेला झुआरी नदीचे मुख. कुंभारजुव्याचा कालवा दोघींना आतून जोडतो, म्हणून तिसवाडीला चारही बाजूंनी पाणी आहे. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्याने पावसाळ्यात खनिजाचे बार्ज याच कालव्यातून मुरगाव बंदराला जात.

मांडवीत भरती-ओहोटी थेट गांजेपर्यंत, सुमारे ५० किलोमीटर आत जाणवते. पावसात नदी खाऱ्या पाण्याला मुखाकडे रेटते. पुढे प्रवाह आटत जातो तसे तेच खारे पाणी वर चढू लागते आणि उन्हाळ्यात बरेच आत पोचते.

या चढउतारावरच गावकऱ्यांनी खाजने उभी केली, तीही पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी. चिखल-मातीचे बांध घालून खाडीकाठची जमीन राखली आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप, बसवली. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की मानशीचे लाकडी दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. माणसाने हात लावायची गरज नाही! त्याच तोंडाशी रात्री जाळे लावून मासळी धरतात आणि त्या हक्काचा लिलाव होतो. आत पावसाळ्यात खारटपणा सोसणारे कोरगुट भात पिकते, काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागरे चालतात. बांधांची देखभाल ‘गावकरी’ या गावसंस्थेकडे असे. गावकरीचे रिवाज पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोराल या सनदेत लिहून घेतले.

विसाव्या शतकात ही घडी विस्कटली. कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे गेली. बऱ्याच ठिकाणी डागडुजी राहिली, बांध फुटले आणि शेतात खारफुटी माजली. खारफुटी जपायलाच हवी, पण भाताच्या शेतात ती दिसली की बांध गेला असे समजावे.

२०१८ मध्ये म्हादई पाणीवाटप लवादाने कर्नाटकाला मलप्रभा नदीकडे ३.९ टीएमसी पाणी वळवण्याची मुभा दिली. गोव्याने या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. वर्षभराच्या पाण्याच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. पण खाजनांना पाऊस ओसरल्यानंतरचा हिशेब लागतो, कारण त्या महिन्यांत नदीतले गोडे पाणी जितके घटेल तितके खारे पाणी वर सरकेल.