झाई खड्डे

झाई ही पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोच्या उत्तरेकडील यातेंगा भागात रुजलेली, उजाड व कडक जमिनीत खड्डे घेऊन ज्वारी-बाजरी पिकवण्याची पद्धत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात १९६८ ते १९७३ आणि पुन्हा १९८३-८४ मध्ये मोठे दुष्काळ पडले. झुडपे-गवत गेलेल्या जमिनीवर टणक पापुद्रा धरतो आणि पडलेला पाऊस मुरण्याआधीच वाहून जातो. अशा जमिनीत इथल्या मोसी समाजाचे शेतकरी पूर्वीपासून लहान खड्डे घेत. १९८० च्या सुमारास याकूबा सावादोगो (मृत्यू २०२३) आणि आणखी काही शेतकऱ्यांनी ते मोठे केले आणि त्यांत खत घालायला सुरुवात केली. सावादोगो यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

खोदाई कोरड्या हंगामात, आखूड दांड्याच्या कुदळीने होते. खड्डा २० ते ४० सेंमी रुंद आणि १० ते २० सेंमी खोल असतो. ओळी उताराला आडव्या. प्रत्येक खड्डा वरच्या ओळीतल्या दोन खड्ड्यांच्या मधोमध येतो, म्हणजे वरून निसटलेले पाणी खाली अडते. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी रचतात. मग खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेले शेणखत टाकून वर मातीचा पातळ थर देतात. खताच्या वासाने वाळवी येते. इथे ती हवीच असते, कारण तिच्या बिळांतून पाणी खोलवर उतरते. पहिल्या पावसाला, किंवा त्याच्या थोडे आधी, खड्ड्यातच पेरणी होते. दुसऱ्या वर्षी तेच खड्डे साफ करून वापरतात.

श्रम भरपूर लागतात. हेक्टरी सुमारे ३०० तास तरी खोदाईतच जातात. पण खरी अडचण खताची. ८० सेंमी अंतर ठेवले तर हेक्टरी १५,६२५ खड्डे होतात. प्रत्येकी ३०० ग्रॅम धरले तरी साडेचार टनांहून अधिक खत लागते, आणि दोन-चार शेळ्यांच्या घरात तेवढे निघत नाही. खताविना खड्ड्यात ओल राहते, पण अन्नद्रव्ये संपलेल्या त्या मातीत पीक पिवळे पडते. कच्चे शेण टाकल्यास पावसाने ओढ देताच कोवळी रोपे करपतात, शिवाय तणाचे बी शेतात येते.

म्हणून ही पद्धत फुलानी पशुपालकांशी बांधलेली आहे. सुगीनंतर त्यांचे कळप शेतात बसवायचे आणि बदल्यात ज्वारी-बाजरीची ताटे, पाणी किंवा धान्य द्यायचे, असा जुना व्यवहार आहे. शेणातून झाडांचे बीही येते. फेडर्बिया हे बाभळीच्या कुळातले झाड शेतकरी मुद्दाम राखतात: ते पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे पिकावर सावली धरत नाही, आणि कोरड्या दिवसांत त्याच्या शेंगा गुरांना मिळतात.

वर्षाला साधारण ३०० ते ८०० मिमी पाऊस असेल तिथेच झाई जमते. त्याहून जास्त पावसात खड्ड्यांत पाणी साचून मुळे कुजतात; बाजरी तर ज्वारीच्याही आधी मरते. वाळूच्या जमिनीत कडा ढासळतात. वरच्या अंगाला समपातळीत दगडी बांध नसेल तर एका जोरदार सरीत सगळे खड्डे गाळाने भरतात, म्हणून आधी बांध, मग खड्डे. नीट केलेल्या झाईतून कमी पावसाच्या वर्षी हेक्टरी ३०० ते ४०० किलो, चांगल्या वर्षी १,५०० किलोपर्यंत धान्य निघते, तेही पूर्वी काहीच न पिकणाऱ्या जमिनीतून.

१९८९ मध्ये शेजारच्या नायजर देशातील इलेला भागातले शेतकरी यातेंगात येऊन हे पाहून गेले. तिकडे या खड्ड्यांना तासा म्हणतात. बैलांच्या औताने उभ्या-आडव्या सऱ्या मारून छेदावर खड्डा घेतल्यास मेहनत बरीच वाचते, मात्र कोरड्या हंगामाच्या अखेरीस उपाशी बैलांत तेवढी ताकद उरलेली नसते.

पडीक जमीन लागवडीखाली आली की तिच्यावरून जाणारी कळपांची वाट बंद होते, आणि ताटे घरी नेली की चराईही आटते. मग पशुपालक दुसरीकडे वळतात, आणि त्यांच्यामागे खतही जाते. जिथे वाट आणि चराईचा काळ दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घेतला जातो, तिथे हा पेच कमी पडतो.