चेहरा आहे पण ‘मी’ नाही. ‘मी’ आहे पण चेहरा नाही

अर्न्स्ट माख हे नाव आपल्याला विमानांचा वेग सांगणाऱ्या ‘मॅक’ या मापामुळे माहीत असतं. या भौतिकशास्त्रज्ञाने १८८६च्या आपल्या पुस्तकात एक विलक्षण रेखाटन छापलं आहे. आडवं पडून, उजवा डोळा मिटून, डाव्या डोळ्याला जेवढं दिसलं तेवढंच त्यात आहे. वर भुवईची कमान, कडेला नाकाचा उतार, त्याखाली मिशी, मग लांबवर पसरलेलं धड, पाय आणि त्यापलीकडे खिडकी. हातात पेन्सिल. चेहरा नाही. कसा असेल? स्वतःचा चेहरा स्वतःच्या डोळ्यांना दिसतच नाही. एरवी ज्याला आपण सेल्फ पोर्ट्रेट म्हणतो, ते बहुतेक वेळा आरशातल्या, डावं-उजवं उलटलेल्या माणसाचं चित्र असतं.

आता याच्या शेजारी सिंडी शर्मन या अमेरिकन कलावतीचे १९७७ ते १९८० मधले कृष्णधवल फोटो ठेवू. जुन्या सिनेमातल्या नायिका वाटाव्यात अशा बायका: कुणी स्वयंपाकघरात, कुणी रस्त्याकडेला बॅग घेऊन ताटकळलेली. प्रत्येक फोटोत शर्मन स्वतःच आहे, बहुतेक फोटोंत चेहराही स्वच्छ दिसतो. तरी ही आत्मचित्रं नव्हेत, असं तीच सांगत आली आहे. दारात फौजदार होऊन आलेल्या बहुरूप्याला आपण ‘तुमचं गाव कुठलं’ असं विचारत नाही, तसंच हे.

आपल्याकडे बंगळूरूच्या कलावती पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात अशीच एक मालिका केली. त्यात त्या रविवर्म्याच्या छापील चित्रातली लक्ष्मी होऊन उभ्या राहिल्या. हो, तीच लक्ष्मी. लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातून रविवर्म्याची चित्रं घराघरांतल्या भिंतींवर गेली, त्यातली. फोटोत चेहरा पुष्पमालांचा आहे, विषय मात्र ती भिंतीवरची ‘आदर्श बाई’.

गोंधळ होतो तो इथेच. चेहरा दिसला की आपण आत्मचित्र म्हणतो, नाही दिसला की ‘कुणाचं तरी’ किंवा ‘कशाचं तरी’ चित्र म्हणतो. मी एक साधी युक्ती वापरते: चित्रातला माणूस मनातल्या मनात बदलून बघते. माखच्या जागी मी आडवी झाले तर मिशी जाईल, नाक बदलेल, खिडकीही माझी येईल; चित्र त्याचं उरणारच नाही. शर्मनच्या जागी दुसरी नटी उभी केली तर एकेकटा फोटो बऱ्यापैकी तसाच राहील. पूर्ण मालिकेला ही युक्ती लागू पडत नाही, हे कबूल. एकच बाई एवढ्या सगळ्या बायका होते, यातच तर तिची गंमत आहे.

सगळ्यात अवघड प्रकरण व्हॅन गॉगच्या खुर्चीचं. फ्रान्समधल्या आर्लमध्ये १८८८ साली रंगवलेली, गवती बैठकीची साधी खुर्ची. तिच्यावर पाइप आणि तंबाखू. मागे कोंब फुटलेल्या कांद्यांची पेटी आणि त्या पेटीवरच ‘व्हिन्सेंट’ अशी सही. नुसतं हेच समोर आलं तर एलिमेंट्रीच्या परीक्षेतलं स्थिरचित्र म्हणून सोडून देऊ. पण त्याच सुमारास त्याने आपल्या चित्रकार मित्राची, पॉल गोगँची, खुर्चीही रंगवली: हातांची, ऐटदार, वर जळती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं. गोगँची ‘रिकामी जागा’ रंगवायचा आपला प्रयत्न होता, असं त्याने पुढे पत्रात लिहिलं. ती खुर्ची गोगँ असेल तर पाइपवाली कोण, हे वेगळं सांगायला नको. आज एक लंडनला आहे, दुसरी ॲमस्टरडॅमला. मला हा जरा अन्यायच वाटतो.

याउलट, समुद्रकिनाऱ्यावर पसरलेल्या पायांचे फोटो आपण सगळेच काढतो. त्यांत चेहरा नसतो, पण बहुतेक वेळा ‘मी’ही नसतो. पाय कुणाचेही चालतील.

स्वतः करून बघायचं असेल तर माखची रीत सगळ्यात स्वस्त. खुर्चीत रेलून बसा, एक डोळा मिटा आणि डोकं अजिबात हलवू नका. नाक आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं निघतं. चष्मा असेल तर त्याची धूसर कडाही काढा; ती आपण रोज पाहतो आणि कधीच बघत नाही. चित्र काढणारा हात मात्र छळतो, कारण तो काढायला घेतला की हलतोच.